गर्दी मोठी, गल्ला छोटा : मराठी डिजिटल माध्यमांची तीन दशकं

गूगलची ‘अ‍ॅडसेन्स’ ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. संकेतस्थळ चालवणाऱ्यानं आपल्या पानावर जागा द्यायची, गूगलनं तिथे जाहिरात लावायची आणि आलेले पैसे दोघांनी वाटून घ्यायचे, असा हा सौदा. जगभरातल्या असंख्य लहान संकेतस्थळांची चूल त्यावर पेटली. हिंदी मजकुराला या सौद्यात जागा मिळाली ती डिसेंबर २०१४ मध्ये आणि मराठीला २०१८ मध्ये. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला आपल्या पानावर रीतसर गूगलची जाहिरात लावता यायला पंधरा वर्षं लागली. या पंधरा वर्षांत मराठी माणूस इंटरनेटवर भरपूर लिहीत होता, भांडत होता, पाककृती देत होता, प्रवासवर्णनं टाकत होता. फक्त हे सगळं तो पदरमोड करून करत होता.

मराठी इंटरनेटविषयी बोलताना आपण सहसा आकडे पुढे करतो. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरा क्रमांक. केपीएमजी आणि गूगल यांच्या २०१७ च्या अहवालानुसार २०१६ मध्येच भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी होते आणि इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी. पुढच्या पाच वर्षांत भारतीय भाषांचा आकडा ५३.६ कोटींवर जाईल, असा अंदाजही त्यात होता. या आकड्यांवर गुंतवणूकदारांनी पैसे लावले, अ‍ॅपवाल्यांनी भाषांची बटणं बसवली, ठिकठिकाणी परिसंवाद झडले. पण एवढे लोक आले, त्यांनी वाचलं, पाहिलं, ऐकलं. त्यातून मराठीत टिकाऊ असं काय उभं राहिलं आणि ते कोणाच्या जागेवर उभं आहे, हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

निष्कर्ष आधीच सांगायचा तर, या तीस वर्षांत मराठीत ना प्रेक्षक कमी पडला, ना हुन्नर. कमी पडली ती मालकी. आपली बहुतेक डिजिटल माध्यमं भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटून बसली. गाळा कधी रिकामा करायचा हे मालकानं ठरवलं आणि गिऱ्हाइकांची वहीसुद्धा त्याच्याकडेच राहिली.

अक्षरांसाठी झगडा

सुरुवातीची अडचण अक्षरांची होती. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण घरोघरच्या संगणकावर ती नीट दिसू लागली विंडोज २००० आणि त्यामागून आलेल्या एक्सपीमुळे. त्याआधी पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे नाना फाँट होते आणि एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की चिन्हांचा चिखल व्हायचा. वृत्तपत्रांची संकेतस्थळंही ज्याच्या त्याच्या फाँटमध्ये असत. परिणामी त्या काळातला किती तरी मराठी मजकूर शोधयंत्रांना दिसलाच नाही आणि पुढे तो नाहीसा झाला.

या काळात परदेशातल्या मराठी मंडळींनी मोठी कामगिरी केली. अविनाश चोपडे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आयट्रान्स’ ही रोमन लिपीतून भारतीय लिपी उमटवणारी प्रणाली तयार केली; रोमन कळफलकावर मराठी लिहिण्याची आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली रीत त्याच वाटेनं आली. १९९६ मध्ये अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत ‘मायबोली’ सुरू केली. पुढे २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये तात्या अभ्यंकरांचं ‘मिसळपाव’ अशी संकेतस्थळं आली. ‘बरहा’, ओंकार जोशी यांचं ‘गमभन’ अशा साधनांमुळे टंकनाचा जाच संपला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला.

या पिढीचं वैशिष्ट्य असं की जागा तिची स्वतःची होती. सर्व्हरचं भाडं कोणी तरी खिशातून भरत होतं, नियम तिथलेच लोक ठरवत होते आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं सापडत होतं. तिची मर्यादाही तितकीच ठळक. लिहिणारे बहुतांश शहरी, शिकलेले, संगणकाच्या नोकरीतले किंवा परदेशस्थ होते. भाषा पुणे-मुंबईच्या वळणाची होती. शुद्धलेखनावरून शंभर-शंभर प्रतिसादांची भांडणं होत, पण ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा शब्द तिथे सहसा उमटत नसे. पैशाचा विषय निघालाच तर तो संकोचानं निघे. साहित्यसेवा आणि धंदा यांची सोयरीक आपल्याकडे तशीही अवघडच.

भाषेवर लागलेला पैसा

भारतीय भाषांमध्ये धंदा आहे हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांत मराठी नावं ठळक आहेत. नोकियात काम केलेल्या उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी २००९ मध्ये ‘न्यूजहंट’ सुरू केलं. ज्या साध्या फोनवर देवनागरी उमटतच नसे, तिथेही वृत्तपत्रं वाचता यावीत अशी युक्ती त्यांनी काढली होती. २०१२ मध्ये वीरेंद्र गुप्ता यांच्या ‘व्हर्से इनोव्हेशन’नं ते विकत घेतलं, २०१५ मध्ये त्याचं ‘डेलीहंट’ झालं आणि एप्रिल २०२२ मध्ये या कंपनीनं सुमारे ५ अब्ज डॉलर मूल्यांकनावर ८०.५ कोटी डॉलर उभे केले. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांसाठी ‘इंडस ओएस’ ही फोनची प्रणालीच बनवली. तिचा वारसा आज फोनपेच्या इंडस अ‍ॅपस्टोअरमध्ये आहे. आयआयटी कानपूरच्या तीन तरुणांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘शेअरचॅट’नं तर इंग्रजीला दारच बंद ठेवलं आणि सकाळच्या शुभेच्छा, शायरी, भक्तिगीतं यांचा केवढा मोठा बाजार आहे हे दाखवून दिलं.

या सगळ्याला गती दिली स्वस्त डेटानं. २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक पडत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि काही वर्षांतच हा दर दहा रुपयांच्या आसपास उतरला. दर उतरताच अक्षरांची अडचण बाजूला पडली, कारण व्हिडिओ पाहायला टंकन लागत नाही.

पुढची कहाणी मात्र थंड डोक्यानं वाचायला हवी. शेअरचॅटनं जानेवारी २०२३ मध्ये सुमारे पाचवा हिस्सा कर्मचारी कमी केले. ट्विटरला देशी पर्याय म्हणून २०२० मध्ये आलेलं आणि मराठीसह अनेक भाषांत चालणारं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. वापरणारे कोटींनी असले तरी त्यांच्यामागे येणारी जाहिरात इंग्रजीच्या तुलनेत स्वस्त होती, आणि ती जाहिरातही मुख्यतः गूगल आणि मेटा यांच्याकडेच जात होती. शिवाय या कंपन्यांसाठी मराठी ही बारा-पंधरा भाषांच्या यादीतली एक ओळ होती. मराठीत संपादक नेमणं, लेखक घडवणं हे त्यांच्या ताळेबंदात कधीच वरच्या जागी नव्हतं.

कॅमेऱ्यासमोर मराठी

२०१६ हे मराठी ऑनलाइन माध्यमांचं कलाटणीचं वर्ष. त्याच वर्षी सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी ‘भारतीय डिजिटल पार्टी’ सुरू केली. लोकांनी तिचं ‘भाडिपा’ करून टाकलं. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांची ‘कास्टिंग काउच’ ही मालिका, आई-मुलांच्या कुरबुरींवरचे छोटे व्हिडिओ, नंतर राजकारण-समाजकारणासाठी ‘विषय खोल’ ही शाखा, असा त्यांचा पसारा वाढत गेला. दूरदर्शन मालिकांतली मराठी एकीकडे आणि वसतिगृहातल्या, लोकलमधल्या मुलांची मराठी दुसरीकडे, ही दरी भाडिपानं बुजवली. शिव्या गाळून न बोलणारी, इंग्रजी शब्दांना न बिचकणारी, तरी अस्सल मराठी वाटणारी ही बोली पडद्यावर पहिल्यांदाच इतकी सहज आली.

त्यापाठोपाठ मोठ्या मंचांनी मराठीकडे पाहिलं. टाइम्स इंटरनेटच्या एमएक्स प्लेअरवर २०१९ मध्ये ‘आणि काय हवं’ आणि ‘पांडू’ आल्या, २०२० मध्ये सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ आली. प्रेक्षकाला फुकट आणि खर्च जाहिरातीतून, हे गणित तिथे काही काळ जुळलं. २०२१ मध्ये निव्वळ मराठीसाठी ‘प्लॅनेट मराठी’ हे ओटीटी सुरू झालं. २०२४ मध्ये एमएक्स प्लेअर अ‍ॅमेझॉनकडे गेलं आणि त्याच वर्षी सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’सारखी मराठी मालिका झळकली. तरीही हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम यांच्या तुलनेत ओटीटीवर मराठी निर्मिती तुरळकच. कारण उघड आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी कळतं. मल्याळी प्रेक्षकासाठी कंपनीला मल्याळममध्ये काढावंच लागतं; मराठी प्रेक्षक हिंदी मालिकेच्या वर्गणीत आपोआप मिळतो, मग त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला, असा हा व्यवहार. मराठी माणसाचं द्वैभाषिकत्व घरात उपयोगी पडतं, बाजारात मात्र महागात जातं.

हाच हिशेब निर्मात्यांनाही ओढतो. ठाण्याच्या प्राजक्ता कोळी यांनी ‘मोस्टलीसेन’ हे चॅनेल मुख्यतः हिंदीत चालवलं आणि देशभर नाव केलं. मालेगावात चित्रित होणारे ‘छोटू दादा’चे विनोदी व्हिडिओ हिंदीत आहेत आणि कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत. यात भाषाद्रोह शोधण्यात अर्थ नाही. यूट्यूब लांब व्हिडिओच्या जाहिरात-उत्पन्नातला ५५ टक्के वाटा निर्मात्याला देतं आणि फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्समधला ४५ टक्के; पण मुळात जाहिरातदार त्या भाषेच्या प्रेक्षकासाठी किती मोजतो, यावर त्या टक्क्यांची रक्कम ठरते.

गावाकडून आलेली लाट

तोवर इंटरनेटवरची मराठी दिवाणखान्यात बसून बोलत होती. टिकटॉकनं ती शेताच्या बांधावर नेली. टंकन नको, संकलनाचं ज्ञान नको, ओळखीपाळखी नको. फोन आणि धिटाई पुरे. सोलापूर, बीड, नंदुरबार, गडचिरोली इथल्या तरुणांनी, घरकाम करणाऱ्या बायकांनी, तृतीयपंथी कलाकारांनी तिथे स्वतःचा प्रेक्षक मिळवला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. एका रात्रीत लाखो अनुयायी असलेली माणसं शून्यावर आली. आठवड्याभरात ‘मोज’ हे अ‍ॅप आलं, जुलैतच इन्स्टाग्रामनं रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. जागा भरली, पण जुने प्रेक्षक आपोआप मागे आले नाहीत. शहरी, इंग्रजी वळणाच्या इन्स्टाग्रामवर ग्रामीण चेहऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागलं, आणि अनेक जण राहू शकले नाहीत. भाड्याच्या जागेचा धोका मराठी निर्मात्यांना इतका स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याच प्रसंगानं दाखवला नसेल.

जे टिकले त्यांच्याकडे पाहण्यासारखं आहे. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले. आज पुण्यातून मराठी चॅनेलबरोबर त्यांचे मसालेही विकले जातात. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे नातवाच्या मदतीनं ‘आपली आजी’ म्हणून घराघरात पोचल्या. सिंधुदुर्गात प्रसाद गावडे यांचा ‘कोकणी रानमाणूस’ देवराया, पाणथळ जागा, रानभाज्या दाखवता दाखवता पर्यावरणपूरक पर्यटनाची बाजू मांडतो. या मंडळींच्या लोकप्रियतेला पडद्याबाहेर एक पाय आहे: मसाला, पर्यटन, कार्यक्रमाची तिकिटं, ग्रामीण जीवनाचं खरं ज्ञान. अल्गोरिदम रुसला तरी तो पाय डगमगत नाही.

बोलींच्या बाबतीत तर इंटरनेटनं छापील माध्यमांना न जमलेलं काम केलं. खानदेशात अहिराणी गाण्यांचा स्वतंत्र उद्योग यूट्यूबवर उभा आहे. ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणं अहिराणीचा गंधही नसलेल्या लोकांच्या वरातीत वाजलं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं २०२४ मधलं ‘गुलाबी साडी’ कोणत्याही मोठ्या चित्रपटाच्या आधाराशिवाय देशाबाहेरही गेलं. पूर्वी बोलीतल्या कलावंताला मुंबईच्या कॅसेट कंपनीचा उंबरा झिजवावा लागे. आता धुळ्यातला स्टुडिओ आणि गावातलाच कॅमेरामन पुरतो. प्रमाणभाषेच्या दारावरचा पहारेकरी निघून गेला, हे या तीस वर्षांतलं सर्वांत लोकशाहीवादी स्थित्यंतर म्हणायला हवं.

बातमीचा बाजार

बातम्यांच्या क्षेत्रात चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. २०१६ मध्ये राम जगताप यांनी ‘अक्षरनामा’ सुरू केलं, २ ऑक्टोबर २०१७ रोजी बीबीसी मराठी आलं, रवींद्र आंबेकरांचं ‘मॅक्स महाराष्ट्र’, प्रथमेश पाटील यांचं ‘इंडी जर्नल’ आलं, २०१९ मध्ये साने गुरुजींच्या ‘साधना’नं ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल दालन उघडलं. पी. साईनाथ यांच्या ‘पारी’वर ग्रामीण भारताच्या कहाण्या मराठीत नेमानं येतात. यूट्यूबवर ‘बोल भिडू’नं पाच-दहा मिनिटांत विषय समजावून देण्याची गप्पांच्या सुरातली शैली रुजवली, तर विनायक पाचलग यांच्या ‘थिंक बँक’नं तासाभराची मुलाखतही मराठी माणूस शेवटपर्यंत ऐकतो हे सिद्ध केलं.

यातला लिखित मजकूर फेसबुकच्या आधारानं वाचकांपर्यंत पोचत होता. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला प्राधान्य द्यायचं ठरवलं आणि जगभरच्या पोर्टलांप्रमाणे मराठी पोर्टलांचीही वर्दळ आटली. पुढे बहुतेकांनी व्हिडिओचा रस्ता धरला. त्यामुळे मराठीत विचारप्रधान लेखनाची डिजिटल जागा आक्रसली. चर्चा होते ती बोलून. आणि बोललेलं वर्षभरानं शोधायला गेलं तर हाती लागत नाही.

कायद्याची चौकट इथे वारंवार बदलली. डिजिटल वृत्तमाध्यमांत परकी गुंतवणूक २६ टक्क्यांपुरती मर्यादित करण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला. त्याचा परिणाम म्हणून एप्रिल २०२४ पासून बीबीसीच्या भारतीय भाषांतल्या सेवा ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय कंपनीकडे आल्या. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम डिजिटल बातम्यांना लागू झाले. सरकारविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी तथ्यतपासणी कक्षाला देणारी दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवली. मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्यात मात्र डिजिटल बातम्यांना स्थान नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावी बूम घेऊन फिरणारा यूट्यूब पत्रकार अधांतरी आहे. नगरपालिकेतला घोटाळा तोच बाहेर काढतो, कारण मोठ्या दैनिकाचा वार्ताहर आता तिथे असतोच असं नाही. आणि वाढदिवसाच्या जाहिराती घेऊन स्थानिक पुढाऱ्याची आरती ओवाळणाराही अनेकदा तोच असतो. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच: त्याला पगार देणारं कोणी नाही.

विनोद, मीम आणि भावना

मराठी मीमची संस्कृती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जून २०२२ मधल्या सत्तांतराच्या धामधुमीत सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून केलेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे तीन दिवसांत घरोघरी पोचलं. त्याची गाणी झाली, टी-शर्ट झाले, लग्नपत्रिका झाल्या. राज्यातल्या सर्वांत गंभीर राजकीय पेचाची लोकस्मृतीतली खूण हे एक वाक्य ठरावं, यात विनोदाची ताकद आहे आणि धोकाही. पक्षांतर, विश्वासदर्शक ठराव, न्यायालयीन वाद हे सगळं त्या हशात बुडून गेलं. राजकीय पक्षांनीही ही ताकद ओळखली. प्रत्येक पक्षाच्या बाजूनं मीम पुरवणारी पानं आज आहेत आणि त्यातली कोणती उत्स्फूर्त, कोणती पगारी, हे सामान्य वाचकाला कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या बाजूला निर्मात्यावरचा दबाव वाढतो आहे. २०२५ च्या गणेशोत्सवाआधी पुण्याचे अथर्व सुदामे यांनी हिंदू-मुस्लिम सलोख्याची एक साधी रील केली. आक्षेपांचा भडिमार झाल्यावर ती काढून टाकून दिलगिरी व्यक्त करावी लागली. संपादक, मालक, वकील असं कोणतंही कवच एकट्या निर्मात्यापाशी नसतं. वृत्तपत्रावर मोर्चा आला तर कचेरी असते. रील करणाऱ्याच्या बाबतीत मोर्चा थेट त्याच्या घरावर येतो. परिणामी आपोआप निवड होते ती निरुपद्रवी विषयांची: सासू-सून, पुणे-मुंबई, मैत्रिणींचं शॉपिंग. ब्रँड डीलही त्यालाच मिळतात.

पैसे मोजून ऐकणारे

पैसे द्यायला मराठी माणूस तयार नसतो, हे मत सरसकट खरं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनच्या ‘स्टोरीटेल’नं भारतात पाऊल ठेवलं तेव्हा इंग्रजी-हिंदीच्या बरोबरीनं मराठीची निवड केली. ती भावनेपोटी नव्हती. कथाकथनाची, नभोनाट्याची, ग्रंथालयाच्या वर्गणीची सवय असलेला श्रोता इथे आयता होता. मंदार जोगळेकरांच्या ‘बुकगंगा’नं परदेशस्थ वाचकांपर्यंत मराठी पुस्तकं नेली. ‘प्रतिलिपि’वर निमशहरी स्त्रियांनी मालिकांसारख्या लांबलचक कथा लिहिल्या, समीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, वाचकांनी पाहिलं. याच्याच शेजारी सुनील सामंत यांचं ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ २००८ पासून पुस्तकं फुकट वाटत आलं आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चोरीच्या पीडीएफ फिरत असतात. एकाच वाचकाच्या फोनमध्ये हे तिन्ही प्रकार सुखानं नांदतात.

या जागी जुना इतिहास आठवावा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा प्रकार जाहिरात आणि किंमत अशा दोन पायांवर चालत आला. गणेशोत्सव वर्गणीवर चालतो, वाचनालयं वर्गणीवर चालली, ‘साधना’सारखी साप्ताहिकं वर्गणीदारांच्या निष्ठेवर पाऊणशे वर्षं टिकली. मराठी समाजाला वर्गणी नवी नाही. ऑनलाइन आल्यावर मात्र ती मागायची लाज वाटू लागली आणि यूपीआयमुळे पैसे देणं सर्वांत सोपं झालं त्याच काळात मागणारेच गप्प राहिले.

यंत्राची मराठी

आता नव्या वळणाविषयी. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली, केंद्र सरकारची ‘भाषिणी’ २०२२ मध्ये. नोव्हेंबर २०२२ नंतर आलेल्या संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेनं मराठीत लिहिणं, बोलणं, चित्र काढणं एका वाक्याच्या अंतरावर आणून ठेवलं. याचा फायदा खरा आहे: तालुक्यातला एकटा पत्रकार इंग्रजी अहवालाचा सारांश मिनिटात काढू शकतो, अंध वाचकाला कोणतंही पान ऐकता येतं. तोटाही दिसू लागला आहे. कृत्रिम आवाजातले, एकसुरी, पौराणिक किंवा प्रेरणादायी व्हिडिओ शेकड्यांनी ओतले जात आहेत. यूट्यूबला जुलै २०२५ मध्ये अशा साचेबद्ध मजकुराच्या कमाईबाबतचं धोरण अधिक स्पष्ट करावं लागलं. शोधयंत्र स्वतःच उत्तर देऊ लागल्यावर मूळ पानापर्यंत जायची गरज उरत नाही, म्हणजे लिखित पोर्टलांची उरलीसुरली वर्दळही धोक्यात.

शिवाय यंत्र शिकतं ते उपलब्ध मजकुरावर. फाँटच्या गोंधळात हरवलेली वर्षं, फेसबुकच्या भिंतीत बंद असलेलं लेखन, व्हिडिओत विरलेली चर्चा यांमुळे मराठीचा खुला लिखित साठा तिच्या बोलणाऱ्यांच्या मानानं तोकडा आहे. म्हणून यंत्राची मराठी भाषांतरित वाटते आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी तर तिला जवळजवळ येतच नाही. जागा स्वतःच्या नसण्याची किंमत अशी दुसऱ्यांदा मोजावी लागते आहे.

हिशेबाअंती

तीस वर्षांचा ताळा मांडला तर तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, ज्यांचा पत्ता स्वतःचा होता ते लहान राहिले, पण टिकले. मराठी विकिपीडिया आणि मायबोली याची उदाहरणं. दुसरी, जे दुसऱ्याच्या मंचावर झपाट्यानं मोठे झाले त्यांच्यापैकी टिकले ते ज्यांच्याकडे पडद्याबाहेर विकण्याजोगं काही होतं. तिसरी, ज्यांचा माल केवळ विचार किंवा बातमी होती त्यांची अवस्था सर्वांत बिकट राहिली, आणि समाजाला गरज होती ती नेमकी त्यांचीच.

मंच सोडून द्या असं सांगणं भाबडेपणाचं ठरेल. प्रेक्षक तिथे आहे, तर जावंच लागेल. पण तिथे मिळवलेल्या प्रेक्षकांपैकी शंभरातल्या दोघांना तरी स्वतःच्या पत्त्यावर आणणं, त्यांचा ईमेल किंवा फोन क्रमांक स्वतःच्या वहीत ठेवणं आणि त्यांच्याकडे वर्षाची वर्गणी स्पष्ट शब्दांत मागणं, हे कोणत्याही मराठी माध्यमाला आज तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. दोन-दोन हजार वर्गणीदारांची पन्नास जिल्हा-तालुका पोर्टलं उभी राहिली, तर ती एखाद्या अब्ज डॉलरच्या अ‍ॅपपेक्षा मराठीच्या अधिक कामाची ठरतील. राज्य सरकारला खरंच काही करायचं असेल तर जाहिरातीच्या खिरापतीऐवजी त्यानं दोन गोष्टी कराव्यात: डिजिटल पत्रकाराला नोंदणीची पारदर्शक वाट द्यावी आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेला मराठी मजकूर, विश्वकोशापासून पाठ्यपुस्तकांपर्यंत, खुल्या परवान्यानं मोकळा करावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचा उत्सव करण्यापेक्षा हे काम जास्त टिकेल.

उरला वाचक-प्रेक्षक. महिन्याला डेटापॅकवर तीनशे रुपये घालणारा माणूस ज्या तीन मराठी निर्मात्यांना रोज ऐकतो त्यांना वर्षाला तीनशे रुपये देत नाही, तोवर त्याच्यासाठी काय तयार व्हायचं हे जाहिरातदारच ठरवणार. जाहिरातदाराला मराठी हवी असते ती गणपती, दिवाळी आणि निवडणुकीपुरती. बाकीच्या दहा महिन्यांची मराठी हवी असेल, तर तिचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतील.